शेजारणीची गाठ

हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथीपर्यंत शिकले, जमेल तसं लिहिते आहे.

आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. वाटाण्याएवढी, न दुखणारी. पंधरा दिवस रोज तिथे हात लावून बघत होते. घरी मी आणि मुलगी, दोघीच. तिला सांगायचा धीर होत नव्हता.

तिने आपला जुना फोन मला दिला होता. त्यात बोललेलं ऐकून उत्तर देणारं काहीतरी आहे. "काहीबी विचार त्याले, आई. माणूस नाही तो, मशीन आहे. लाजू नको," ती म्हणाली होती. तोवर मी त्याला लोणच्याला बुरशी का येते, एवढंच विचारलं होतं.

एका दुपारी ती कामावर गेल्यावर दार लावून फोन तोंडाजवळ धरला. मशीनसमोरही "मले" असा शब्द निघेना. आमच्यात बायका असलं दुखणं शेजारणीच्या नावावर सांगतात. मीही तेच केलं. "माझ्या शेजारणीले छातीत गाठ आहे. काय असन जी?"

दवाखान्यातल्या नर्सबाईला असं सांगितलं की ती ओळखून आपल्याकडेच बघते. याला बघता कुठे येतं? सांगितलं तेवढंच त्याने खरं धरलं. वय विचारलं, किती दिवस झाले विचारलं. मग म्हणालं, पुष्कळ गाठी साध्या असतात, पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारणीला लवकर डॉक्टरांना दाखवा. ती घाबरत असेल तर तुम्ही सोबत जा.

माझ्यासोबत कोण जाणार होतं?

फोन उशीखाली सारला. आमचं बोलणं त्यात लिहून राहतं आणि जुना फोन मुलीच्याच खात्यावर असल्याने तिच्या फोनवरही दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मुलगी घरी न येता आधी शेजारच्या काकूंकडे गेली. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं.

"काकू, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मले काय झालं? आत्ताच गहू निवडून उठली."

"नाही, आई काही बोलली नाही, पण..."

"तुई आई? तिच्या तोंडून चहा घ्या म्हणायलेच अर्धा तास लागते."

मग ती घरात आली. मी पोळ्या लाटत होते. तिने आपला फोन पुढे धरला. "कोणती शेजारीण वं, आई?"

पोळी पोळपाटाला चिकटली तरी मी लाटत राहिले.

"सांग ना, आई."

तोंडाने सांगता आलंच नाही. तिचा हात धरून पदराखाली गाठीवर ठेवला. तिने दुसऱ्या हाताने गॅस बंद केला.

काल धंतोलीतल्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय त्रास आहे?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "मले गाठ आहे."

सुईने गाठीतलं थोडं तपासायला घेतलंय. रिपोर्ट शुक्रवारी येईल. मुलीने त्या दिवशी सुट्टी मागितली आहे. फोन समोरच पडलेला असतो, पण रिपोर्टात काय निघेल ते त्यालाही माहीत नाही, म्हणून विचारत नाही. भीती होती तेवढीच आहे. आज आंघोळ करताना मी तिथे हात लावला नाही.