समोरची गच्ची

९ जानेवारी, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. मी आणि केतकीने ॲल्युमिनिअमच्या नळ्या कापून केलेला अँटेना आणि त्याला जोडलेला सिग्नल मोजायचा मीटर धरून मी वसतिगृहाच्या गच्चीवर उभी होते. समोरच्या गच्चीवरून केतकी सिग्नल पाठवणार होती. कॉलेजचा प्रकल्प तयार विकत न घेता स्वतःच्या हातांनी घडवायचा, हा आग्रह तिचाच.

तिचा फोन आला. "रागावू नकोस गं. मी दुसऱ्या गटात नाव दिलंय. त्यांचा प्रोजेक्ट दुकानातून तयार आलाय."

"आणि आपला?"

"तू हुशार आहेस, तुझं होईल."

समोरची गच्ची रिकामी होती, तरी मीटरवर आकडा होताच. पाठवणारे कोणी नसले तरी हवेत थोडी खरखर उरते. किती दिवस मी त्या खरखरीलाच सोबत समजत होते, कोण जाणे. वहीत तिने आखलेल्या रकान्यात मी नोंद केली: उणे अठ्ठ्याण्णव डीबीएम, नुसती खरखर.