नर्सबाईंनी फ्रिज बघायला मागितला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण बोलताना मध्ये कोणी हसलं की मी पुढचं विसरते. तर, मी फ्रिज पुसला त्या दिवसाचं ऐका. चहा घेताय ना?

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं तो. मी बिबवेवाडीत घरच्या घरी साड्यांना फॉल लावते. मागचं वर्षभर सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारणीला हाक मारत होते. मग डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी टोचायचं एक इंजेक्शन सुरू केलं. ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही, त्याची फार्मसीच वेगळी. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या खोक्यातून घरी येतं आणि मागोमाग त्यांच्या नर्सचा फोन. दुखतंय का, ताप आला का, टोचलं तिथे लाल झालंय का. माझ्या सख्ख्या मुलाने इतकी चौकशी कधी केली नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर माझी मूठ पूर्ण मिटली. त्या दिवशी मी रडले हो.

चौथं इंजेक्शन आलं तशी नर्स म्हणाली, "काकू, उद्या अकराला व्हिडिओ कॉल करते. औषध कसं ठेवलंय ते बघते. फ्रिज दाखवाल ना?"

फ्रिज? आमच्या फ्रिजमध्ये झाकलेल्या वाट्यांत काय काय आहे, ते मलाही माहीत नव्हतं. परक्या बाईला हे दाखवायचं?

"तिला औषध बघायचंय, तुझी कोथिंबीर नाही," हे म्हणाले. आमचे हे पेपरातून मान वर न काढता बोलतात.

"तुम्हाला काय जातंय? नाव माझं निघणार."

सकाळी आठला फ्रिज बंद केला, सामान सगळं बाहेर. कप्पे सोड्याने घासले, दाराच्या रबराच्या खाचा जुन्या टूथब्रशने. बोटं ठणकायला लागली, पण मी ऐकते की काय! फ्रिज परत चालू केला. टोमॅटो रांगेत मांडले, लिंबं काचेच्या वाडग्यात. वर इस्त्रीचा रुमाल अंथरला. स्वतःही साडी बदलली.

"आता ओवाळायचंच राहिलंय," हे म्हणाले.

बरोबर अकराला कॉल आला. मी फोन धरून एकेक कप्पा दाखवत गेले.

"अगबाई काकू, काय सुंदर ठेवलाय फ्रिज."

"आमच्याकडे कायम असाच असतो," मी म्हटलं. पेपरामागे कोणीतरी खोकलं.

"छानच. आणि इंजेक्शन कुठेय?"

"ते बाहेर काढलंय."

"बाहेर?"

"अगं, तू बघणार म्हणून. ते पुठ्ठ्याचं खोकं त्यात कसंतरीच दिसत होतं."

पोरगी हळूच म्हणाली, "बाहेर म्हणजे कुठे, काकू?"

मी फोन वळवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीला टेकून, एप्रिलच्या उन्हात माझं औषध आठपासून वाळत होतं.

ती रागावली असती तर परवडलं असतं. "ते आता टोचू नका. फ्रिजमध्येच ठेवायचं असतं, ऊन लागलं की गेलं. मी डॉक्टरांना अहवाल पाठवून दुसरं मागवते, पण आठवडा तरी जाईल," एवढंच म्हणाली.

आठवड्यात बोटं अशी सुजली की अंगठी साबण लावून काढावी लागली. लग्नाच्या सहा साड्या हात न लावता परत केल्या. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझी बोटं दाबून पाहिली. "उत्तम चाललं होतं. मध्येच काय झालं?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र बघायला लागले.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फार्मसीचा अहवाल उघडला आणि मोठ्याने वाचला, "फ्रिजची स्वच्छता, उत्तम. औषध, खिडकीत."

आणि तुमच्यापासून काय लपवायचं? सुजलेली बोटं पदराखाली घेऊन बसले होते, तरी 'उत्तम' ऐकल्यावर मला बरंच वाटलं.