उजवे हात परदेशी, डावे हात नगरला

साळवे मॅडमचं नाव आधी लिहितो, म्हणजे पुढे गडबडीत राहून जायचं नाही. सुनंदा साळवे, नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या हातमोज्यांच्या कारखान्यातल्या टायपिस्ट. सावेडीहून लुनावर यायच्या. मी आज डिस्पॅच सुपरवायझरच्या खुर्चीत बसून हे लिहितोय, ते त्यांच्यामुळे.

आता प्रसंग. एक्क्याण्णव सालचा पावसाळा संपत आलेला. आमचे शेठ दोन्ही हातांत डावे हातमोजे घालून माझ्यापुढे उभे होते. उजव्या हातावरच्या मोज्याचा अंगठा करंगळीच्या बाजूला रिकामा लोंबत होता.

"मडावी, टाळी वाजवून दाखवू?"

मागे शेडमध्ये डाव्या हातमोज्यांची दोनशे खोकी रचलेली होती. त्यांचे उजवे जोडीदार रशियाकडच्या रिगा नावाच्या बंदरात. आणि ही कल्पना माझी.

मी सिरोंचाकडचा, तेव्हा खोकी भरायच्या कामावर. शाळा आठवीत सुटली. गावी जायचं तर दोन दिवस लागत, आणि नोकरी गेली तर कोणत्या तोंडानं जाणार? त्यामुळे मी कायम धास्तावलेला. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायचो.

आमचे हातमोजे बंदरातल्या हमालांसाठी. तळव्याला चामडं, पाठीला जाड कापड. चामड्याची एकच बाजू चांगली असते, म्हणून उजव्या-डाव्याची डाय वेगळी. डाय म्हणजे कापायचा लोखंडी साचा. उन्हाळ्यात डावी डाय तडकली. मालाची बोट ठरलेली. कटिंगचे थोरात मास्तर डोक्याला हात लावून बसले.

मी म्हणालो, "मास्तर, उजवे सगळे आत्ता पाठवू. डावे पुढच्या बोटीनं. सगळा माल एकाच सरकारी गोदामात जातो. तिथं लावतील जोड्या."

"आयला, पोरगं लई हुशार हाय!" मास्तर म्हणाले. शेठनी पाठ थोपटली.

खोकी भरायला घेतली आणि मला शंका आली. त्या लोकांना वाटलं, हे येडे आहेत, आणि दिले फेकून तर? मी साळवे मॅडमकडे गेलो. त्यांनी न हसता इंग्रजीत चिठ्ठी टाईप केली: 'यात फक्त उजवे आहेत. डावे मागून येत आहेत. कृपया फेकू नये.' खाली कारखान्याचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. कार्बन लावून लावून दोनशे प्रती काढल्या. एकेका खोक्यात एकेक.

शेठ म्हणाले, "कागद फुकट येतो का?"

मॅडम म्हणाल्या, "मडावी घाबरट आहे शेठ, पण घाबरट माणूस पत्ता तरी नीट लिहितो."

बोट गेली, माल पोचला. इकडे नवी डाय येऊन डावेही तयार झाले. आणि त्यानंतर तो देशच फुटला.

हे जरा सांगायला हवं. सोव्हिएत युनियनशी आपला व्यवहार रुपयात चाले. त्यांनी आपला माल घ्यायचा, आपण त्यांची यंत्रं, तेल घ्यायचं. खरेदी मॉस्कोतून. माल कुठंही उतरो, गिऱ्हाईक एकच. रिगा ज्या लाटवियात आहे तो म्हणाला, आम्ही यांच्यातून बाहेर. मग त्यांचं सरकार वेगळं, जकात वेगळी, आणि रुपयाचा करार त्यांना लागू नाही. मॉस्को म्हणे, तिथला माल आमचा नाही. डावे घ्यायला कोणी उरलंच नाही.

शेठना हे पटेचना. "सोसायटीचा सभासद फुटतो, नगरसेवक फुटतो. अख्खा देश कसा फुटतो हो?"

थोरात मास्तर राहात्याचे. म्हणाले, "आपला जिल्हा फोडायचं बी चाललंच हाय की! आता कळलं फुटल्यावर काय हुतं. उजवा हात राहात्यात, डावा नगरात!"

शेठ हसले नाहीत. "मडावी, दिवाळीपर्यंत डावे खपव. नाहीतर सिरोंचाचं तिकीट काढ."

मी गठ्ठा घेऊन राहात्याच्या बाजारात गेलो. एका हमालानं मोजा घातला, मूठ वळून बघितली, खूश झाला.

"झकास हाय. दुसरा कुठंय?"

"रशियात."

"मंग तू बी जा की तकडंच!"

एक नग खपला नाही. शेवटी शेठनी भंगारवाला बोलावला. तो खोकी मोजत असताना साळवे मॅडम टाईपरायटर सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, आपण लेखी कळवलंय, डावे मागून येतात म्हणून. दिवाळीपर्यंतची मुदत तुम्हीच दिलीत. तोवर थांबा."

शेठ थांबले. मॅडमसमोर ते थांबायचेच.

दिवाळीला आठवडा उरला असताना रिगाच्या गोदामातून पत्र आलं. मॅडमनी पाकीट फोडलं, वाचलं, खुर्चीत बसल्या आणि खो खो हसायला लागल्या. मग मोठ्यांदा मराठीत सांगितलं: 'आमच्याकडे चार हजार उजवे हात आहेत. डावे कुठे आहेत? आता खरेदी आम्हीच करतो. पूर्वी सगळा माल मॉस्कोमार्फत यायचा. भारतातला आमच्याकडे असलेला एकमेव पत्ता तुमचा. पैसे डॉलरमध्ये देऊ. हे जमलं तर पुढे पूर्ण जोड्याही घेऊ.'

"डॉलर?" शेठनी विचारलं. रुपया नुकताच पडलेला, डॉलर वधारलेला. "परत वाचा."

मॅडमनी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी शेठ दोन्ही हातांत डावे घालून खरोखर टाळ्या वाजवत होते. थोरात मास्तरांनी पुन्हा चौकशीला आलेल्या भंगारवाल्यालाच धरून फुगडी घातली. मी गेलो आणि शेडचं कुलूप तीनदा ओढून बघितलं. डावे जागेवर होते.

रुपयाच्या करारावर चालणाऱ्या, हातमोज्यांच्याच शेजारच्या दोन शेड त्या वर्षी बंद पडल्या. त्यांचा माल आमच्यापेक्षा चांगला होता. पण त्यांनी पूर्ण जोड्या पाठवल्या होत्या, त्यांना कोण कशाला पत्र लिहील? गिऱ्हाइकाकडे अर्धाच माल असला की ते आपल्याला विसरत नाही. हा धडा नव्या पोरांना मी शिकवत नाही. पत्ता पूर्ण लिहा, एवढंच सांगतो.

साळवे मॅडम आता निवृत्त होऊन संगमनेरला लेकाकडे असतात. माझ्याकडून साधा चहासुद्धा घेत नाहीत, "मी फक्त टाईप केलं रे," म्हणतात. पण मी ठरवलंय. पासपोर्टचा फॉर्मही आणून ठेवलाय. एक दिवस मॅडमना रिगाच्या धक्क्यावर नेणार, आणि दोन्ही हातांत हातमोजे घातलेला एक तरी हमाल त्यांना दाखवणार.