आंघोळ की दाढी

बायको गेली तेव्हा मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. दुपारी मेथी निवडता निवडता ती खुर्चीतच कलली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवसकार्य उरकलं, मुलगा परदेशी परत गेला आणि वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. कशाचाच उत्साह नव्हता. चहाबरोबर बिस्किटं खायची, अंगातल्या बनियनवरच दिवस काढायचा, असं चाललं होतं.

माझी धाकटी बहीण येरवड्याला राहते. ती रोज सकाळी फोन करू लागली.

"दादा, आज काय? आंघोळ की दाढी? एकच निवड. दोन्ही केलंस तर सोसायटीला वाटेल, वधूसंशोधनाला निघालास."

हसू येत नसे, पण उत्तर द्यावं लागे. मी आंघोळ म्हणे. दुसऱ्या दिवशी ती विचारी, "वरणभात की कोपऱ्यापर्यंत चक्कर?" काहीच नको म्हटलं तर म्हणायची, "तो पर्याय संपला, मागणी फार आहे." तिची कटकट टळावी म्हणून मी एखादी गोष्ट करून टाकत असे. करून बरं वाटायचंच असं नाही. कुकरची शिट्टी झाली की घर उलट जास्तच रिकामं वाटायचं.

एकदा तिने केस कापायला पाठवलं. नेहमीच्या सलूनवाल्याला काही कळलेलं नव्हतं. मानेवर वस्तरा फिरवता फिरवता त्याने विचारलं, "काय साहेब, बऱ्याच दिवसांनी? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

समोरच्या आरशात माझाच चेहरा होता. बघवेना. पैसे दिले आणि निघालो. घरी येऊन बहिणीला फोन लावला, झालं ते सांगितलं.

"खोटं कशाला बोललास?"

"त्याच्या हातात वस्तरा होता. दचकला असता तर?"

ती हसली. हसता हसताच तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

"दादा, सकाळी या वेळेला मी वहिनीला फोन करायचे. तू ऑफिसला गेलास की रोज, निवृत्त झाल्यावर तू दूध-भाजीला बाहेर पडलास की. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून माझं सगळं तिलाच सांगितलंय. आता सकाळ झाली की हात आपोआप फोनकडे जातो. बोलायचं काय ते कळत नाही, म्हणून तुला आंघोळ-दाढीचं विचारत बसते."

मला हे ठाऊकच नव्हतं. इतके दिवस वाटत होतं, ती मला सांभाळतेय.

"इकडे ये," मी म्हणालो. "भात टाकतो."

दोन बस बदलून ती दुपारी आली. भात जरा गिचका झाला होता. एरवी तिने मला सोडलं नसतं, आज तसाच खाल्ला. जेवण झाल्यावर मी बायकोचं कपाट उघडलं. इतके दिवस त्याला हात लावला नव्हता. बहिणीला म्हणालो, "तुला हवी ती साडी घे."

तिने बराच वेळ साड्यांवरून नुसता हात फिरवला. शेवटी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली, मांडीवर घेतली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. मीही शेजारी बसलो. चार वाजले तरी दोघांपैकी कुणाला चहाची आठवण झाली नाही.