तिसऱ्या कुंडीखालची किल्ली

पाण्याच्या मीटरचे आकडे टिपण्यात एकोणीस वर्षं घालवलेल्या माणसाला लोकांच्या घरातलं किती ठाऊक असतं, हे त्या वसाहतीला एका रविवारी कळलं. त्या दिवशी साप्ताहिकात मीटरवाल्याची पहिली गोष्ट छापून आली, नावानिशी आणि फोटोसकट. लांबी दीड पान. विषय, सुपारी घेऊन खून करणारा माणूस.

गोष्टीतला मारेकरी मीटरवाल्याच्या गणवेशात येतो, म्हणून गल्लीत त्याच्याकडे कोणी बघत नाही. तिसऱ्या कुंडीखालून किल्ली काढतो, दुपारी गाढ झोपणाऱ्या कुत्र्याला ओलांडतो, दारात चपला काढतो आणि आरामखुर्चीत डुलकी घेणाऱ्या एका निवृत्त शाळा तपासनिसाला कायमचं झोपवतो. सुपारी कोणी दिली ते शेवटपर्यंत कळत नाही. हे वाचकाला हुरहूर लावण्यासाठी नव्हतं. दीड पानात ते ठरवायला जागाच उरली नव्हती.

कुंडी, कुत्रा, खुर्ची, तपासनीस सगळं खरं होतं, वसाहतीतल्या वेगवेगळ्या घरांतून उचललेलं. खून तेवढा लेखकाच्या पदरचा.

खून करायला आलेला माणूस चपला कशाला काढेल, असं मीटरवाल्याच्या बायकोने विचारलं. "लादी नुकतीच पुसलेली असते," तो म्हणाला. एकोणीस वर्षं तो स्वतः तेच करत आला होता.

साप्ताहिकाकडे आठ पत्रं आली, त्यातली सहा वसाहतीतली. मेलेल्या माणसाबद्दल कोणी हळहळलं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कळवलं की गोष्टीतली ओट्याखालची झुरळं आमच्या घरातली आहेत, पण ती गेल्या वर्षीची. आता औषध मारलंय. कुत्र्याच्या मालकिणीचं म्हणणं, आमचा कुत्रा झोपत नाही, डोळे मिटून लक्ष ठेवतो. औषधांच्या दुकानदाराला मारेकरी फारच सभ्य वाटला. असल्या माणसाला काम कोण देणार, असा त्याचा सवाल होता.

पत्रं टाकून झाल्यावर लोकांनी किल्ल्यांच्या जागा बदलल्या. त्या महिन्यात मीटरवाल्याला दारं उघडेनात. बायका खिडकीतून म्हणायच्या, आकडा आतूनच सांगते, लिहून घ्या. पण आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचा, असा नियम. महिनाअखेरीला वहीत सत्तेचाळीस वेळा 'घर बंद' आलं. साहेबांनी बजावलं, आठवड्यात ही घरं पूर्ण झाली नाहीत तर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसावं लागेल. मग म्हणाले, गोष्ट बाकी झकास, फक्त मारेकऱ्याला आपल्या खात्याचा गणवेश द्यायला नको होता.

पाव तास एका जागी बसलं की मीटरवाल्याचे गुडघे वळवळायला लागत. तळघर म्हणजे त्याच्या दृष्टीने जन्मठेप होती.

तपासनिसाचं घर तो तोंड चुकवून शेवटावर ढकलत आला होता. शेवटी गेला, तर दार सताड उघडं. म्हातारा त्याच आरामखुर्चीत बसला होता. हातात ते दीड पान आणि पानभर लाल शाईच्या खुणा.

"ये, बस. सुपारी कोणी दिली?"

"ते ठरवलंच नाही, काका."

"असं कसं? मला मारायला कोणीतरी पैसे मोजले असतील ना?" त्याने बोटं मोजली. "एक जावई. दुसरा हा भिंतीपलीकडचा. तिसरा, ज्याची बढती मी अडवली तो हेडमास्तर. यातला कोण धरला होतास?"

"कोणीच नाही. शपथ."

म्हाताऱ्याचा चेहरा जरासा पडला. मग त्याने हकिगत सांगितली. दोन वर्षं उंबरा न शिवलेला जावई त्या रविवारपासून तीनदा येऊन गेला होता. गळका नळ त्याने स्वतः बसून दुरुस्त केला. शेजाऱ्याने भिंतीचं भांडण आपणहून मिटवलं. हेडमास्तराचं पत्र आलं होतं, तब्येतीची चौकशी करणारं.

मीटरवाल्याने मग आपली अडचण मांडली. म्हातारा उठला, काठी घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

पुढचे दोन दिवस ते दोघं घरोघर हिंडले. घंटा म्हातारा वाजवायचा. आतून "कोण?" असं आलं की म्हणायचा, "मी. याने मारलेला." दारं उघडत गेली. शिवणकामवाल्या बाईंनी तर ओट्याखाली वाकून बघायलाच लावलं.

सत्तेचाळिसाव्या घराच्या पायरीवर मीटरवाला म्हणाला, संपादक दुसरा भाग मागताहेत. उपकाराची फेड म्हणून सुपारी देणारा कोणीतरी लांबचा, परका दाखवतो, म्हणजे घरच्या कोणावर बालंट नको.

म्हाताऱ्याचा घंटेकडे गेलेला हात थांबला.

"खबरदार कोणाचंही नाव घातलंस तर. जावई रविवारी पाण्याची टाकी साफ करायला येतोय."

"आणि तुमचं काय करू? जिवंत करू का?"

"राहू दे मेलेला. बरं चाललंय."

दार उघडलं. मीटरवाल्याने चपला काढल्या आणि आकडा बघायला आत गेला.