पाच वजा

आमच्या वहिनींची टेप पाचपासून सुरू होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

वीसेक वर्षांपूर्वी त्या टेपचं टोक गरम इस्त्रीखाली सापडलं आणि जळून काळं झालं. वहिनींनी बरोबर पाचाच्या आकड्यावर कात्री चालवली, जळका तुकडा केरात टाकला आणि उरलेली टेप गळ्यात अडकवून त्या कामाला लागल्या. तेव्हापासून जे माप येईल त्यातून पाच वजा करायचे. मी दोनदा नवी टेप आणून दिली. पहिली पुतणीनं खेळून हरवली. दुसरी खिडकीजवळच्या खिळ्याला लटकते आहे, तिची गुंडाळीसुद्धा सुटलेली नाही. का, तर म्हणे, "जुनी हाताला बसलीय." यावर माणसानं काय बोलावं? घरात कुणी तिखटमीठ लावून सांगायला लागलं, की ऐकणारा म्हणतो, "पाच वजा कर." इतकी ती टेप आमच्या अंगवळणी पडलेली.

वहिनी पडदे शिवतात. तीस वर्षं झाली. आसपासची माणसं त्यांना नावानं लक्षात राहत नाहीत, खिडक्यांवरून राहतात. रस्त्यात कुणी हसलं की मला हळूच सांगतात, "ही बावन्न बाय साठ, हिची पूर्वेची खिडकी वाकडी आहे." स्वतःच्या घरात मात्र एक पडदा नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि त्यांचा नवरा, आल्यागेल्याला ऐकवतो, "दिव्याखाली अंधार." वहिनी म्हणतात, "मला उजेड लागतो."

तो उजेड म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीची एकुलती एक मोठी खिडकी. खोली लांबलचक, चोवीस फुटांची. सगळं घर तिथंच नांदतं. एका टोकाला टीव्ही आणि खुर्च्या, दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीच्या एका हाताला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या हाताला गॅलरीचं, आणि मधल्या भिंतीला वहिनींचं टेबल. टेबल कसलं, एका पाडलेल्या इमारतीचं दार आहे ते. मी आणि दादानं खांद्यावरून आणलं आणि त्याला पाय ठोकले. कडीच्या भोकात त्या कात्री उभी ठेवतात. सव्वीस वर्षं ते टेबल तिथून हललं नव्हतं.

मग दादा निवृत्त झाला.

पाणीपुरवठा खात्यात साहेब होता. आयुष्यभर माणसं आणि नळ याच्या हुकमावर चालले, आणि आता हुकूम सोडायला घरात उरलो आम्ही तिघं. पहिल्या महिन्यात त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले. दुसऱ्या महिन्यात तो एका जुन्या सहकाऱ्याकडे चहाला गेला आणि तिथली बैठकीची खोली बघून बिघडून आला. "याला म्हणतात हॉल," तो म्हणाला. "आपल्याकडं माणूस आला की आधी शिलाईचं दुकान दिसतं."

त्यानंतर दोन महिने त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. भिंतीवर अकरा रंगांचे अकरा चट्टे मारले आणि रोज सकाळी मला त्यांच्यासमोर उभं करून विचारायचा, "यातला शांत कुठला?" मला सगळेच सारखे अंगावर येत होते. पुतणी फोनवर सजवलेल्या खोल्यांची चित्रं दाखवून आगीत तेल ओतायची. त्या चित्रांमधल्या एकाही घरात चार्जर, औषधं किंवा वर्तमानपत्रांची रद्दी नसते, ही माणसं राहतात कशी कुणास ठाऊक. कपाट इकडून तिकडे न्यायचं, तिकडून इकडे आणायचं. मी एकटा जीव, बायको नाही, मुलं नाहीत, म्हणजे उचलाउचलीला हक्काचा माणूस. माझ्या कमरेचं कुणाला काय पडलंय.

शेवटी बेत ठरला. खिडकीखाली, दोन दारांच्या मधोमध, भिंतभर सोफा. आणि टेबल? "मागच्या सामानाच्या खोलीत," दादा म्हणाला. "तिथं दिवा लावून देतो, चांगला मोठा." त्या खोलीला खिडकी नाही. वहिनी तिथंच बसल्या होत्या, पडद्याला अस्तर लावत. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. वाटलं, नवरा-बायकोचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडा. माझा हा शहाणपणा नेहमी नको तिथं उगवतो.

सोफावाला चांगला माणूस होता. फोनवर म्हणाला, "साहेब, मी येऊन माप घेतो." दादाला ते झोंबलं. "आमच्या घरात तीस वर्षं मापंच घेतली जातात," त्यानं सुनावलं. "उद्या आकडा कळवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही टेबल पुढं ओढलं. दादानं हात मागं केला. "अगं, टेप दे."

वहिनींनी गळ्यातली टेप काढून दिली. ही दहा फुटी, पडद्यांची लांब टेप. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला तिचं टोक धरलं, दादा दुसरं टोक घेऊन गॅलरीच्या चौकटीपर्यंत गेला, वाकला, चष्मा वर केला.

"शहाण्णव. बरोबर आठ फूट. बघ, भिंतसुद्धा सोफ्यासाठीच बांधल्यासारखी."

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि माझ्या अंगठ्याखाली पाचाचा आकडा होता.

त्याच दिवशी टेबल मागच्या खोलीत गेलं. आडवं करून, दारातून तिरकं काढून, मीच नेलं. वहिनींनी कात्री, खडू, टाचण्यांची डबी हातात घेऊन मागून येत नुसतं "कोपरा सांभाळा" म्हटलं. कोपरा मी सांभाळला.

बारा दिवस वहिनी त्या दिव्याखाली बसल्या. सहाव्या दिवशी एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई राखाडी पडदे परत घेऊन आल्या. दोन पट्ट्या राखाडी, एक हिरवट. दिव्याखाली तिन्ही सारख्याच दिसत होत्या. तीस वर्षांत वहिनींचं काम पहिल्यांदा परत आलं होतं. त्या पायरीवर, बाहेरच्या उजेडात बसल्या आणि टाका टाका उसवत राहिल्या. मी शेजारी जाऊन म्हटलं, "होतं असं एखाद्या वेळी." त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मला माझाच राग आला. दादा आतून विचारत होता, सोफ्यावर उशा चार बऱ्या की सहा.

तेराव्या दिवशी सोफा आला. चार माणसांनी जिन्यावरून चढवला, खिडकीखाली ठेवला, आणि गॅलरीचं दार अर्धं उघडून सोफ्याच्या हातावर धाडकन आपटलं. मग तो गॅलरीकडून सरकवला, तर स्वयंपाकघराचं दार अडलं. दादाची तळपायाची आग मस्तकात गेली. "आठ फूट सांगितला होता, हा काय हत्ती आणलाय?"

सोफावाल्यानं शांतपणे खिशातली लोखंडी टेप काढली. सोफा शहाण्णव. भिंत एक्क्याण्णव.

"अशक्य," दादा म्हणाला. "मी स्वतः मोजलीय. याच्यासमोर. अगं, टेप आण."

वहिनींनी टेप आणून दिली. सोफावाल्यानं तिचं टोक चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "साहेब, यातला शून्य कुठं गेला?"

पुतणी तोंडावर ओढणी धरून गॅलरीत पळाली, म्हणजे दार जेवढं उघडत होतं तेवढ्यातून घुसून. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी अंगठ्याकडं पाहिलं.

सोफा मापानुसार केलेला, परत जाणार नव्हता. तो टीव्हीकडच्या टोकाला, आतल्या भिंतीला लागला. तिथं तो बराही दिसतो, पण हे दादासमोर बोलायची सोय नाही. खिडकीखालची जागा मोकळी राहिली. मोकळी भिंत बघवेना म्हणून दादाच दोन दिवसांनी गुरकावला, "तात्पुरतं ते टेबल आणून ठेवा." तात्पुरतं. टेबल पुन्हा तिरकं करून मीच आणलं, आणि या खेपेला कंबर मोडली तरी चालेल असं वाटलं.

आता आल्यागेल्याला दादा सोफ्यावर बसवून नवी गोष्ट सांगतो. "पाच वजा करायला विसरलो. चूक माझी, मी कबूल करतो." चूक कबूल करण्यात आपण किती मोठ्या मनाचे आहोत, याचंच त्याला कौतुक. वहिनी मान डोलावतात. ते ऐकून ऐकून मला वीट आला. एका दुपारी तो बाहेर गेला होता, तेव्हा मी टेबलावरची टेप उचलली, एक टोक वहिनींच्या कापडावर ठेवायच्या दगडाखाली दाबलं आणि टेबलामागून भिंत मोजायला लागलो. उगीच. डोक्यातला किडा जात नव्हता.

वहिनी निळं कापड खिडकीकडं धरून रंग जुळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक्क्याण्णव. टेबल पहिल्यांदा आणलं त्या दिवशी मोजली होती."

मी तसाच वाकलेला राहिलो. समोर खिळ्याला नवी टेप लटकत होती. त्या दिवशीही तिथंच होती, त्यांच्या हाताशी.

"मग वहिनी, तेव्हाच का नाही बोललात?"

"ह्यांनी टेप मागितली, मी टेप दिली." त्यांनी कापडाची दुसरी पट्टी पहिलीशेजारी धरली. "टेबल कुठं ठेवायचं हे विचारलं असतं, तर तेही सांगितलं असतं. तुम्ही तर दोन्ही वेळा इथंच होता, भाऊजी."

होतो. टोक मी धरलं होतं, टेबलही मीच नेलं होतं. मी टेप गुंडाळून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "आता जरा उजेडातून बाजूला व्हा."