हिला इचारा की

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्याची सिस्टर फटकळ. आमच्या घरच्या सगळ्या बाळंतपणांत मी तिला ओरडतानाच पाहिलं. माझ्या लेकीच्या सोनोग्राफीत बाळाची कवटी तयारच झालेली दिसली नाही. ते जगणार नव्हतं. पाडायचं की ठेवायचं, जावई सिस्टरलाच विचारत राहिले.

"पावणं, पोट हिचं हाय. हिला इचारा की," म्हणाली आणि लेकीजवळ स्टूल ओढून बसली.

शेवटी लेक म्हणाली, "मोकळं करा. पर मला बघायचंय."

मी नको म्हटलं, तर सिस्टरनं मलाच बाहेर काढलं.

दोन दिवसांनी तिनं बाळ आणून दाखवलं. कुंची आत्यानं शिवायची असते. ही मुठीएवढी कुंची सिस्टरनं शिवली होती आणि बाळाचं डोकं झाकलं होतं.

लेक चेहरा बघत राहिली. म्हणाली, "हनुवटी ह्यांची हाय."